कपाळावरची आठी

पुरुषाने आरशासमोर किती वेळ उभे राहावे? आमच्या वडिलांच्या पिढीपुढे हा प्रश्न कधी आलाच नाही. रविवारी पहाटे, पहिल्या मिस्साला जाण्यापूर्वी, खिडकीच्या गजाला टेकवलेल्या वीतभर आरशात पाहून ते दाढी करीत, तुरटीचा खडा ओला करून गालांवरून फिरवीत आणि केसांना लावून तळहाताला उरलेले खोबरेल तेल तोंडाला पुसून मोकळे होत. सारा विधी दहा मिनिटांचा. आठवड्याचे उरलेले सहा दिवस तो आरसा भिंतीकडे तोंड करून राहिला असता, तरी त्यांचे काही अडले नसते.

या प्रश्नाकडे माझे लक्ष वेधले ते २०२४ च्या पावसाळ्यात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मला मुंबईच्या उपनगरात माझ्या मेहुण्याच्या घरी दहा-बारा दिवस मुक्काम करावा लागला. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद असल्यामुळे मी ओल्या फडक्याने तोंड पुसत असे, आणि तेवढ्या वेळात न्हाणीघरातील फळीवर मांडलेल्या बाटल्या एका डोळ्याने न्याहाळीत असे. बाटल्या सात होत्या. त्या घरातल्या सुनेच्या, म्हणजे मेहुण्याच्या पत्नीच्या असाव्यात, असा मी समज करून घेतला होता. तिसऱ्या दिवशी कळले, की त्यांतल्या सहा माझ्या मेहुण्याच्या आहेत. तो एक्कावन्न वर्षांचा आहे, एका मोठ्या कंपनीच्या विक्री विभागात व्यवस्थापक आहे आणि लहानपणी चिखलाने माखलेल्या पायांनी स्वयंपाकघरात शिरल्याबद्दल त्याने आईचा मार खाल्लेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे.

मी विचारल्यावर त्याने मला सारा क्रम समजावून सांगितला. सकाळी सौम्य फेसवॉशने तोंड धुवायचे. साबण नको, त्याने त्वचा कोरडी पडते. मग सी जीवनसत्त्वाच्या सीरमचे चार थेंब. ते जिरल्यावर मॉइश्चरायझर, आणि घराबाहेर पडण्यापूर्वी सनस्क्रीन. ते कपाळ, कान आणि मान धरून सढळ हाताने लावायचे आणि उन्हात राहावे लागले तर दर दोन तासांनी पुन्हा लावायचे. रात्री पुन्हा तोंड धुऊन वाटाण्याएवढे रेटिनॉल. त्याने त्वचा उन्हाला हळवी होते, म्हणून ते फक्त रात्री. त्यावर साधे क्रीम. हे रोज, न चुकता, प्रवासातसुद्धा. माझ्या सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेत इतकी नियमितता असती तर किती बरे झाले असते, असा विचार माझ्या मनात आला, आणि तो मी मनातच ठेवला.

त्या रात्री जेवणे आटोपल्यावर तो माझ्या खाटेशेजारी येऊन बसला. "भावोजी, एक सांगू? पण ताईला कळता कामा नये." कबुलीजबाबाला आलेल्या माणसासारखा त्याचा स्वर खाली गेला होता. "मी कपाळात इंजेक्शने घेतो. दर चार महिन्यांनी. दोन वर्षे झाली."

ज्यांना या प्रकाराची माहिती नाही, त्यांच्यासाठी थोडे विवेचन करणे भाग आहे. या औषधाचे मूळ एका विषात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी जर्मनीतील व्युर्टेम्बर्ग प्रांतात बिघडलेले सॉसेज खाऊन माणसे दगावत. त्यांच्या पापण्या मिटत, जीभ जड होई, अखेरीस श्वास थांबे. युस्टिनस केर्नर नावाच्या डॉक्टरने, जो कवी म्हणूनही प्रसिद्ध होता, १८२० च्या सुमारास या रुग्णांची बारकाईने टिपणे केली, स्वतःवरही त्या विषाचा प्रयोग केला आणि हेच विष अत्यल्प प्रमाणात दिल्यास औषध ठरू शकेल असे भाकीत वर्तविले. सॉसेजला लॅटिनमध्ये 'बोट्युलस' म्हणतात. त्यावरून या विषाला बोट्युलिनम हे नाव पडले. (आपल्या चोरिसांचा यात काही दोष नाही, हे खवय्यांच्या समाधानासाठी सांगून ठेवतो.) केर्नरचे भाकीत खरे व्हायला दीडशे वर्षे लागली. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळ्या डोळ्यांवर त्याचा उपयोग केला आणि १९८९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिरळेपणा व पापण्यांचे झटके यांसाठी त्याला मान्यता दिली. पुढे व्हँकूव्हर येथील कॅरुथर्स या डॉक्टर दांपत्याच्या लक्षात आले, की पापण्यांसाठी इंजेक्शन घेतलेल्या रुग्णांच्या भुवयांमधील आठ्याही नाहीशा होतात. २००२ मध्ये त्या आठ्यांसाठीही मान्यता मिळाली, आणि बोटॉक्स हे नाव जगभर झाले.

त्याची क्रिया साधी आहे. मज्जातंतूच्या टोकाकडून स्नायूला आकुंचनाचा निरोप देणारे एक रसायन असते. हे औषध त्या रसायनाची वाट अडवते. निरोप पोहोचत नाही, स्नायू आकसत नाही, वरची त्वचा दुमडत नाही. तीन-चार दिवसांत परिणाम दिसू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. पुरुषांच्या कपाळाचे स्नायू सामान्यतः अधिक जाड असल्यामुळे त्यांना मात्राही अधिक लागते, आणि साहजिकच पैसेही. मेहुण्याच्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने डॉक्टरांच्या सूचनांचा कागद चिकटवलेला होता: पहिले चार तास आडवे व्हायचे नाही, कपाळ चोळायचे किंवा दाबायचे नाही, दिवसभर व्यायाम व वाफ वर्ज्य, एक-दोन रात्री रेटिनॉल बंद, तोंड धुताना हात हलका. त्याच दारावर बाहेरच्या बाजूला पवित्र हृदयाची तसबीर होती.

सर्व ऐकून घेतल्यावर मी जे बोललो, ते आज आठवले की संकोच वाटतो. निवृत्त शिक्षकाची जीभ ती. प्रवचनाला निमित्तच हवे असते. देवाने दिलेला चेहरा, पुरुषासारखा पुरुष, घरात दोन मुले शिकताहेत आणि हा पैसा कपाळात टोचून घेतोस, असे बरेच काही मी बोलून गेलो. त्याने शांतपणे ऐकले. चेहऱ्यावर काही उमटले नाही. आता त्याचे कारण मला ठाऊक झाले होते. मग एवढेच म्हणाला, "भावोजी, तुमचे केस काळे कसे?"

मी गेली सव्वीस वर्षे कलप लावतो. महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी, दार लावून घेऊन. याविषयी कुणी मला कधी विचारले नाही आणि मीही स्वतःला विचारले नाही. चाळिशीत कानशिलांवर पांढरे दिसू लागले तेव्हा वर्गातली पोरे 'म्हातारे सर' म्हणतील, या धास्तीने सुरुवात केली. शाळा सुटली, पोरांची पोरे शाळेत गेली, कलप मात्र चालूच राहिला. नऊ वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या माणसाला केस काळे ठेवून कुणाला फसवायचे असते? तेव्हा 'देवाने दिलेला चेहरा' हा माझा मुद्दा तिथेच निकालात निघाला. दाढी करणारा, चश्मा लावणारा, कवळी बसविणारा प्रत्येक जण देवाने दिलेल्यात काहीतरी फेरफार करीतच असतो. माझा मोतीबिंदू तरी कुणी दिला होता?

आपल्या ख्रिस्तसभेनेही या विषयाकडे पाठ फिरविलेली नाही. पोप बारावे पायस यांनी ४ ऑक्टोबर १९५८ रोजी, म्हणजे आपल्या मृत्यूच्या अवघे पाच दिवस आधी, इटलीतील प्लास्टिक सर्जनांच्या परिषदेपुढे भाषण केले होते. शारीरिक सौंदर्य हे चांगलेच आहे, परंतु ते सर्वश्रेष्ठ नव्हे. त्याहून मोठ्या गोष्टींच्या ते अधीन असले पाहिजे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. अशा उपचारांचे बरे-वाईट उपचारावरून ठरत नाही, हेतूवरून आणि परिस्थितीवरून ठरते. दुसऱ्याला मोहात पाडण्यासाठी किंवा गुन्हेगाराला न्यायापासून लपविण्यासाठी ते केले तर निषिद्ध; व्यंगामुळे पिचलेल्या माणसाला उभारी देण्यासाठी केले तर स्वागतार्ह. हे वाचल्यावर मला जरा हायसे वाटले, आणि लगेच अडचणही लक्षात आली. मेहुण्याचा हेतू मी विचारलाच नव्हता.

तो विचारल्यावर जे ऐकले, त्यात गर्व नव्हता. भीती होती. त्याच्या कंपनीत दोन वर्षांपूर्वी पंचेचाळिशीच्या पुढच्या चार जणांना एका महिन्यात निरोप मिळाला होता. त्याचा नवा वरिष्ठ चौतीस वर्षांचा आहे. एका बैठकीत त्या वरिष्ठाने सर्वांदेखत त्याला विचारले, "सर, आज खूप थकलेले दिसता. बरे आहे ना?" विचारणाऱ्याच्या मनात कदाचित काळजीच असेल. परंतु त्या रात्री याला झोप आली नाही. पहाटे उठून तो आरशासमोर उभा राहिला, आणि पंचवीस वर्षांच्या नोकरीने भुवयांमध्ये कोरलेल्या दोन उभ्या रेषा त्याला पहिल्यांदाच दिसल्या. कर्ज फिटायला सहा वर्षे आहेत. "मला देखणे व्हायचे नाही, भावोजी. मला फक्त थकलेला दिसायचे नाही."

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. स्त्रियांना हा जाच आपण युगानुयुगे दिला. त्यांच्या वयाचा हिशेब त्यांच्या गालांवर मांडला आणि त्या गालांना काही लावू लागल्या की त्यांनाच नखरेल म्हटले. आता तोच हिशेब पुरुषांच्या कपाळावर मांडला जाऊ लागला आहे, तेव्हा कुठे आम्हाला तो अन्याय वाटू लागला. ज्याने भाकरीची अट म्हणून चेहरा मागितला त्याला सोडून, चेहरा देणाऱ्याला दोष द्यायचा, हे मला तरी न्यायाचे वाटत नाही.

आणखी एक उदाहरण डोळ्यांपुढे आहे. आमच्या धर्मग्रामाच्या गायनवृंदात एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांच्या पापण्या आपोआप घट्ट मिटू लागल्या. उजेडात गेले की मिटत, वाचायला घेतले की मिटत. हाताने पापणी उचलून ते गीतपुस्तकातली ओळ पाहत. रस्ता ओलांडणे बंद झाले, मग गाणेही बंद झाले. माणसे म्हणू लागली, याला काहीतरी बाहेरचे झाले. शेवटी एका नेत्रतज्ज्ञाने निदान केले आणि डोळ्यांभोवती हेच इंजेक्शन दिले. गृहस्थ पुन्हा गाऊ लागले. दर तीन-चार महिन्यांनी ते जाऊन येतात आणि सर्वांना सांगतात. त्यांना लपविण्याचे कारण नाही. औषध तेच, सुई तशीच, अंतर दोन-तीन बोटांचे. एक जण उजळ माथ्याने जातो आणि दुसरा ताईपासून लपवितो.

त्या सहा बाटल्यांविषयीही माझे मत बदलले, हे नमूद केले पाहिजे. २०१२ साली अमेरिकेच्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एका एकोणसत्तर वर्षांच्या मालवाहू गाडीच्या चालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. त्याच्या चेहऱ्याचा उजवा अर्धा भाग त्याच्या वयाला शोभेल असा आहे. डावा मात्र जाड झालेल्या, खोल वळ्या पडलेल्या त्वचेचा, जणू त्याच्याच वडिलांचा. अठ्ठावीस वर्षे त्याने गाडी चालविली, आणि अमेरिकेत चालक डावीकडे बसतो. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या अतिनील किरणांनी अर्धा चेहरा असा म्हातारा केला. डॉक्टरांनी त्याला सनस्क्रीन वापरायला सांगितले आणि कर्करोगाच्या दृष्टीने त्वचेवर लक्ष ठेवण्याचा सल्ला दिला. ते छायाचित्र पाहिल्यावर मला आमचे केळीच्या बागांत आणि होड्यांवर जन्म काढलेले बापजादे आठवले. त्यांच्या मानेवरच्या जाळीदार वळ्यांना आम्ही कष्टाचे भूषण समजत आलो. भूषण खरेच, पण एखाद्याने टोपी आणि सनस्क्रीनने कातडी राखली तर त्यात कष्टाचा अपमान कोणता? तोंड धुणे, ऊन टाळणे, कोरड्या त्वचेला ओलावा देणे ही राखण आहे. विहिरीचा काठ बांधावा, घराला चुना द्यावा, तशी. कागदावर लिहिलेल्या सूचनांपैकी निम्म्या तर कोणत्याही शहाण्या माणसाने पाळाव्यात अशा आहेत.

एवढ्यावर हा विषय माझ्यापुरता मिटला असता. परंतु २०२४ च्या नोव्हेंबर महिन्यात माझ्या सासूबाई वारल्या.

मयत घरी आणले तेव्हा ओटीवर माणूस मावत नव्हता. मेहुणा शवपेटीच्या उशाशी उभा होता. त्याच्या धाकट्या बहिणी हंबरडा फोडीत होत्या, माझी पत्नी भिंतीला टेकून बसली होती. तो ताठ उभा होता आणि त्याचे कपाळ सकाळच्या खाडीच्या पाण्यासारखे स्वच्छ, निस्तरंग होते. डोळे ओले होते, ओठही थरथरत असावेत. पण ते जवळून पाहणाऱ्याला दिसणार. समोरच्या बाकावर बसलेल्या मावशीला, सासूबाईंच्या नव्वदीतल्या धाकट्या बहिणीला, दिसले ते फक्त ते कपाळ. तिला कमी ऐकू येते, त्यामुळे हळू बोलणे तिच्या हाती नाही. जपमाळेचे तिसरे रहस्य संपून चौथे सुरू होण्यापूर्वीच्या शांततेत ती म्हणाली, "आई समोर पडली आहे आणि पोराच्या तोंडावरची माशीसुद्धा हलत नाही."

सर्वांनी ऐकले. त्यानेही ऐकले. आणि मला जे सांगायला सर्वात कठीण वाटते ते हे, की इंजेक्शनाची गोष्ट त्या घरात त्याच्या पत्नीशिवाय फक्त मला ठाऊक असूनही, क्षणभर माझ्याही मनात तेच आले: शहरात राहून हा कोरडा झाला. डोक्याला ठाऊक असलेली गोष्ट डोळ्यांना पटत नाही. माणसाचा चेहरा आपण विचार करून वाचीत नसतो.

फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी १८६२ मध्ये चेहऱ्याच्या एकेका स्नायूला विजेचा सौम्य धक्का देऊन कोणता भाव कशाने उमटतो याची छायाचित्रे प्रसिद्ध केली होती. भुवया जवळ ओढणाऱ्या स्नायूला त्यांनी दुःखाचा स्नायू मानले. दहा वर्षांनी चार्ल्स डार्विन यांनी मानव व प्राणी यांच्या भावाविष्कारावरील आपल्या ग्रंथात द्युशेन यांची छायाचित्रे वापरली आणि भुवयांची आतली टोके वर चढून कपाळाच्या मध्यावर पडणाऱ्या वळ्यांबद्दल विस्ताराने लिहिले. हे स्नायू बहुतेकांना मुद्दाम हलविता येत नाहीत, परंतु दुःख दाटून आले की ते आपोआप हलतात, हे त्यांचे निरीक्षण. म्हणजे जो भाग सोंग घेण्यास सर्वात कठीण, तोच नेमका आपण सुईने गप्प करतो. चेहरा गप्प झाल्याने आतली भावनाही मंदावते काय, यावर पुष्कळ वाद आहेत. ओठांत किंवा दातांत पेन धरायला लावून केलेला १९८८ चा एक प्रसिद्ध प्रयोग २०१६ मध्ये सतरा प्रयोगशाळांनी पुन्हा केला, तेव्हा तो निष्कर्ष हाती लागला नाही. उलट भुवयांमध्ये हे इंजेक्शन दिल्याने काही विषण्ण रुग्णांना उतार पडल्याचे २०१२ मध्ये तीस रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत आढळले. तेव्हा आठी गेली की माणूस निर्दय होतो, असे मी म्हणणार नाही. माझा मेहुणा तर नक्कीच झाला नव्हता. त्या रात्री सारे पांगल्यावर तो परसात माझ्याजवळ येऊन बसला. "मी आतून फुटत होतो, भावोजी. पण कपाळ ऐकत नव्हते." आणि मग तो लहान मुलासारखा रडला. अंधार होता, कपाळ दिसत नव्हते, म्हणूनच कदाचित मला ते रडणे पुरते कळले.

माझे म्हणणे एवढेच आहे, की चेहरा हा इतर अवयवांसारखा केवळ आपल्या मालकीचा नसतो. माझा गुडघा माझा आहे. तो बदलून घेतला तर कुणाचे काही हरवत नाही. चेहरा मात्र मला स्वतःला जन्मभर आरशावाचून दिसत नाही. तो दिसतो दुसऱ्यांना. मूल आईच्या भुवयांवरून ओळखते की आता खोडी पुरे झाली. आजारी माणूस उशाशी बसलेल्याच्या कपाळावर आपले दुखणे उमटलेले पाहतो आणि त्याला वाटते, आपण एकटे नाही. माझ्या सासूबाई शेवटचे तीन महिने अंथरुणाला खिळून होत्या आणि त्यांना बोलता येत नव्हते. मुलगा दर रविवारी जाऊन त्यांचा हात धरून बसे, हे साऱ्या आळीने पाहिले आहे. वर पाहताना त्यांना त्याच्या चेहऱ्यावर काय दिसले असेल? हा प्रश्न मी त्याला विचारलेला नाही आणि विचारणार नाही. परंतु तो त्यालाही पडलेला आहे, असे मला वाटते.

कलप आणि सुई यांत मी फरक करतो तो इथे. पांढरा केस माझे वय सांगतो, दुसरे काही सांगत नाही. आठी पुष्कळ काही सांगते, आणि पुष्कळदा जिभेच्या आधी सांगते. अर्थात ही वाटणी मला सोयीची आहे, हे मला कळते. कलपवाल्याने काढलेली रेघ कलपाच्या पलीकडेच पडणार! शिवाय, मावशीने चेहऱ्यावरून काढलेला निष्कर्ष चूकच होता. ज्या माणसांचे चेहरे पक्षाघाताने वा कंपवाताने निश्चल झालेले असतात, त्यांच्यावर आपण रोज असाच अन्याय करीत असतो. म्हणजे पाहणाऱ्याकडेही काही देणे लागतेच. तरीपण ज्याला हा चेहरा आजाराने मिळाला त्याच्यापुढे पर्याय नव्हता; जो विकत घेतो त्याने, आपण काय विकत घेतो आहोत याबरोबर कुणाकडून काय काढून घेतो आहोत, हेही पाहावे, एवढी अपेक्षा गैर नसावी. त्या कागदावरच्या सूचनांत ही एक नव्हती. डॉक्टरांनी ती लिहावी असेही नाही. ते त्यांचे काम नव्हे.

मी त्याला 'बंद कर' म्हणालो नाही. कर्ज अजून फिटायचे आहे, वरिष्ठ अजून तोच आहे. तो त्याच्या पायांवर उभा असलेला शहाणा माणूस आहे, आणि आईच्या महिन्याच्या मिस्सानंतर त्याने आपण होऊन ताईला सर्व सांगितले. ती आधी हसली, मग चिडली, मग तिने त्याच्याकडून एक सनस्क्रीन मागून घेतले. आता ते माझ्याही कपाळाला लागते. कलपाबद्दल ती काही बोलली नाही. मी मात्र गेले दोन शनिवार चुकविले आहेत. पुढचे सांगवत नाही.

२०२५ साली राखेचा बुधवार ५ मार्चला होता. आदल्या दिवशी, मंगळवारी रात्री नऊच्या सुमारास त्याचा फोन आला. आवाजात अवघडलेपण होते. त्याची ठरलेली वेळ त्याच संध्याकाळी होती आणि तो नुकताच दवाखान्यातून परतला होता. या खेपेस त्याने डॉक्टरांना मात्रा कमी करायला सांगितली होती. कपाळ थोडे हलू द्या, असे. डॉक्टरांनी कारण विचारले, ते त्याने सांगितले नाही. फोन करण्याचे कारण वेगळेच होते. "उद्या फादर कपाळावर राख लावतील. चोळायचे नाही असे कागदावर लिहिले आहे. चालेल ना, भावोजी?"

मी शिक्षक आहे, डॉक्टर नाही, असे म्हणणार होतो. मग म्हणालो, चार तास केव्हाच उलटून जातील, आणि आपल्या फादरांचा अंगठा हलका असतो. तो ठीक आहे म्हणाला. बुधवारी संध्याकाळी कामावरून परस्पर तो आमच्याच चर्चमध्ये आला, आईच्या कबरीवर मेणबत्ती लावायची होती म्हणून. रांगेत तो माझ्या पुढे दोन माणसे सोडून उभा होता. परत वळला तेव्हा दोन भुवयांच्या वर, बरोबर मध्ये, काळा क्रूस होता, आणि काही कणी नाकावर सांडली होती. ती त्याने पुसली नाही. रात्री जेवायला तो आमच्याकडेच थांबला. नऊच्या सुमारास पिशवीतून फेसवॉशची बाटली काढून न्हाणीघरात गेला, आणि बराच वेळ नळाचा आवाज आला नाही.